गोल मनोऱ्यांचा चित्रकार : जॉर्ज पेट्री
(आकाशवाणीवरील भाषण)

आयर्लंडच्या भूमीवर साठाहून अधिक गोल मनोरे, कोठे अखंड तर कोठे अर्ध्यावर ढासळलेल्या स्थितीत, आजही उभे आहेत. टोक केलेली शिसपेन्सिल जमिनीत रोवून ठेवावी तसा त्यांचा आकार. घेर थोडका, उंची पुष्कळदा शंभर फुटांच्या आसपास, माथ्यावर दगडी शंकूची टोपी, आणि आत शिरण्याचे दार मात्र जमिनीपासून पुरुषभर किंवा त्याहूनही वर! नदीकाठच्या एखाद्या पडक्या मठाशेजारी असा मनोरा एकटा उभा दिसला, की तो कोणी बांधला आणि कशासाठी, हा प्रश्न पाहणाराच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. अठराव्या शतकातील विद्वानांनी या प्रश्नाला जी उत्तरे दिली ती वाचून आज हसू येते. कोणी म्हणाले, ही इराणी अग्निपूजकांची मंदिरे. कोणी म्हणाले, फिनिशियन दर्यावर्दींनी उभारलेली ही साधने आकाशातील वेध घेण्यासाठी. कोणी त्यांचे श्रेय डेन लोकांच्या पदरात टाकले. एका तरुण पंडिताने तर १८३४ साली जाडजूड ग्रंथ लिहून बुद्धाच्या नावाशी त्यांचा संबंध जोडला आणि या वादात पूर्वेकडील देशांनाही ओढून आणले.

हा गोंधळ ज्याने निस्तरला तो कोणी धर्मगुरू नव्हता की विद्यापीठातील प्राध्यापक नव्हता. तो होता निसर्गाचे देखावे रंगविणारा एक चित्रकार. त्याचे नाव जॉर्ज पेट्री.

पेट्रीचा जन्म १ जानेवारी १७९० रोजी डब्लिन शहरात झाला. वडील जेम्स पेट्री हे मूळचे स्कॉटिश घराण्यातले, व्यवसायाने व्यक्तिचित्रकार. हस्तिदंताच्या लहानशा तबकडीवर हुबेहूब चेहरा उतरविण्यात त्यांचा हातखंडा होता. मुलाला शल्यवैद्य करावे असा त्यांचा मानस. पण घरात रंग, कुंचले आणि गिऱ्हाइकांचे चेहरे यांच्याच सहवासात वाढलेल्या पोराला दुसरे काही सुचणे कठीणच होते. डब्लिन सोसायटीच्या चित्रशाळेत त्याने लहान वयातच रौप्यपदक मिळविले आणि शल्यवैद्यकाचा विषय आपोआप मागे पडला.

त्याच्या बाळपणातील एक आठवण सांगण्यासारखी आहे. १८०३ साली रॉबर्ट एमेट या तरुण देशभक्ताने डब्लिनमध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला. तो फसला आणि सप्टेंबर महिन्यात एमेटला फाशी देण्यात आले. खटल्याच्या वेळी जेम्स पेट्रीने त्याचे रेखाटन केले होते, आणि मृत्यूनंतर त्याच्या चेहऱ्याचा साचाही घेतला होता. पुढे त्यावरून केलेले चित्र चित्रशाळेत ठेवलेले असताना एके दिवशी चेहऱ्यावर जाळी ओढलेली एक स्त्री आली, चित्रासमोर उभी राहून हुंदके देऊन रडली आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. ती एमेटची वाग्दत्त वधू सेरा करन असावी. कोपऱ्यात बसलेल्या मुलाने हे सारे पाहिले. चित्र हे भिंत सजविण्याच्या पलीकडेही काही काम करते, ही जाणीव त्याला तेथे झाली असेल काय? मला तसे मानावेसे वाटते.

१८१३ साली तीन तरुण आयरिश चित्रकार नशीब काढण्यासाठी लंडनला निघाले : जॉर्ज पेट्री, जेम्स आर्थर ओकॉनर आणि फ्रान्सिस डॅन्बी. तिघेही निसर्गचित्रकार, तिघांच्याही खिशात पैसा बेताचाच. पेट्री लवकरच घरी परतला. उरलेल्या दोघांचे पैसे संपले, तेव्हा ते पायी ब्रिस्टॉलला आले. तेथे डॅन्बीने काही चित्रे विकून ओकॉनरच्या परतीच्या भाड्याची सोय केली, आणि स्वतः इंग्लंडातच राहिला. या डॅन्बीने पुढे जलप्रलयासारख्या भव्य विषयांवर तैलचित्रे रंगवून नाव मिळविले. ओकॉनर काळोख्या दऱ्यांची आणि वादळी आकाशाची सुरेख चित्रे काढीत राहिला आणि १८४१ साली लंडनमध्ये गरिबीतच वारला. रंगांच्या सामर्थ्याचाच विचार केला तर हे दोघेही पेट्रीहून सरस होते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही तिघांपैकी आयर्लंडने ज्याचे ऋण अधिक मानावे असा पेट्रीच.

त्या काळी चित्रकाराच्या पोटापाण्याची एक नवी वाट निघाली होती. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्रज प्रवाशांना युरोपची दारे बंद होती. म्हणून ते वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड येथील डोंगरदऱ्या आणि भग्नावशेष पाहण्यास निघाले, आणि त्यांच्यासाठी सचित्र प्रवासपुस्तके निघू लागली. क्रॉम्वेल नावाच्या लेखकाची ‘आयर्लंडमधील सहली’, ब्रूअरची ‘आयर्लंडची सौंदर्यस्थळे’ अशा पुस्तकांसाठी पेट्रीने तळहाताएवढी चित्रे काढून दिली. कोरक्याने ती धातूच्या पत्र्यावर कोरावयाची आणि छापखान्याने शेकड्यांनी छापावयाची. मूळ चित्रात एखादी रेघ ढिली असेल तर कोरीव कामात ती चूक कायम होते. अशा कामाने हात नेमका होतो. पेट्रीचा झाला.

मोठ्या चित्रांसाठी त्याचे आवडते माध्यम म्हणजे जलरंग. तैलरंगात चुकलेल्या जागेवर पुन्हा जाड रंग चढवून ती झाकता येते. जलरंगात तशी सोय थोडीच असते. चित्रातील उजेड म्हणजे न रंगविता सोडलेला कागदच. कोणती जागा कोरी ठेवायची हे आधी ठरवावे लागते. मग पातळ रंगाचा एक थर, तो वाळल्यावर दुसरा, असे सावकाश पुढे जावे लागते. पेट्री स्वभावतःच सावकाश काम करणारा होता. त्याचे स्नेही त्याच्या दिरंगाईबद्दल कुरकुरत असत, आणि ती कुरकूर अगदीच निराधार नव्हती, हे पुढे दिसेल.

पुस्तकांसाठी चित्रे काढीत फिरताना तो आयर्लंडच्या मध्यभागी, शॅनन नदीच्या काठी, क्लॉनमॅकनॉइज या ठिकाणी आला. सहाव्या शतकाच्या मध्यास संत कीरान याने येथे मठ स्थापन केला. पुढे ते स्थान विद्येचे असे माहेरघर झाले की युरोपच्या इतर देशांतूनही विद्यार्थी येथे येत. नॉर्स चाच्यांनी ते लुटले, इंग्रज शिपायांनी १५५२ मध्ये उद्ध्वस्त केले. पेट्रीला दिसली ती छप्परे उडालेली लहान लहान देवळे, दोन गोल मनोरे, कोरीव कामाने भरलेले उंच दगडी क्रूस, आणि गवतात इतस्ततः पडलेल्या शेकडो थडग्यांच्या शिला. पुस्तकाच्या प्रकाशकाला यातील एखादा आकर्षक देखावा पुरला असता. पेट्री मात्र गुडघे टेकून शिलांवरचे शेवाळ पुसू लागला. ज्यांचे वाचन करण्याइतके जुने आयरिश त्याला त्या वेळी येत नव्हते, ती अक्षरेसुद्धा त्याने जशी दिसली तशी उतरवून घेतली.

याच स्थळावरून त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र निर्माण झाले : ‘क्लॉनमॅकनॉइज येथील यात्रेकरूंची शेवटची प्रदक्षिणा’. आज डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रालयात असलेली त्याची जलरंगातील प्रत १८३८ च्या सुमाराची आहे. सूर्य मावळतीला आला आहे, पलीकडे शॅननचे पात्र चमकत आहे, आकाशाच्या पार्श्वभूमीवर मनोरा उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी भग्न देवळांमधून, थडग्यांमधून, शेतकरी स्त्री-पुरुषांची रांग वाट काढीत चालली आहे.

या प्रदक्षिणेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आयर्लंडमध्ये संताच्या सणाच्या दिवशी लोक त्याच्या विहिरीला, देवळाला आणि क्रुसांना जपमाळेच्या प्रार्थना म्हणत ठराविक फेऱ्या घालतात, आणि त्या सूर्याच्या गतीने, म्हणजे पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवून घालावयाच्या असतात. प्रदक्षिणेचा नेम ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कॅथलिकांच्या उपासनेवर कायद्याचे कडक निर्बंध होते, मिस्सासाठी धड इमारतही नव्हती, त्या काळात या उघड्यावरच्या फेऱ्यांनीच गोरगरिबांची श्रद्धा टिकवून धरली. पुढे फेऱ्या आटोपल्यावर जत्रेत दारू आणि काठ्यांची हाणामारी यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा खुद्द आमच्याच बिशपांनी त्या बंद पाडण्याचा प्रयत्न केला. एकोणिसाव्या शतकात त्या ठिकठिकाणी बंदही पडू लागल्या.

पेट्री स्वतः प्रॉटेस्टंट होता. त्या काळच्या इंग्रजी प्रवासवर्णनांत या यात्रांचा उल्लेख बहुधा थट्टेने किंवा किळसेने येतो. पेट्रीच्या चित्रात थट्टेचा लवलेशही नाही. त्याने यात्रेकरूंना मोठे करून दाखविले नाही, की केविलवाणेही केले नाही. ती माणसे आपल्या कामात गढलेली आहेत आणि कोणी आपल्याकडे पाहत आहे याची त्यांना दखल नाही. क्लेअर परगण्यातील लिस्कॅनरजवळच्या संत ब्रिजिदेच्या विहिरीचे त्याचे चित्रही याच जातीचे आहे. आपल्या हेतूविषयी पेट्रीने एके ठिकाणी असे लिहून ठेवले आहे, की हे चित्र आयरिश असावे, त्यात इतिहासाचा हेतू आणि काव्याचा भाव असावा. ‘शेवटची प्रदक्षिणा’ म्हणजे शब्दशः त्या दिवसाच्या व्रतातील शेवटची फेरी. परंतु मावळत्या सूर्याकडे पाहता त्या शब्दाचा दुसरा अर्थ मनात येतोच.

दोषही सांगितला पाहिजे. पेट्रीचे डोंगर प्रत्यक्षाहून उंच आणि कडे प्रत्यक्षाहून उभे असतात. ॲरन बेटांवरील डून एंगसचा प्राचीन दगडी किल्ला, कॉर्क परगण्यातील गूगान बाराचे सरोवर, कॉनेमाराची बारा शिखरे यांच्या त्याच्या चित्रांत त्या काळच्या अद्भुतरम्य अभिरुचीची मात्रा जरा अधिकच आहे. गंमत अशी, की निसर्गाच्या बाबतीत घेतलेली ही सूट त्याने मानवी हाताच्या कामाला कधीच दिली नाही. डोंगर वाढेल, परंतु मनोऱ्याच्या दाराचा दगड आहे तेथेच राहील.

१८२८ साली तो रॉयल हायबर्नियन अकॅडमी या आयरिश चित्रकारांच्या संस्थेचा सभासद झाला. त्याच सुमारास रॉयल आयरिश अकॅडमी या विद्वानांच्या संस्थेतही त्याचा प्रवेश झाला. तेथील अडगळीत पडलेली प्राचीन वस्तूंची आणि हस्तलिखितांची व्यवस्था त्याने हाती घेतली. १८३१ मध्ये एका खाजगी ग्रंथसंग्रहाचा लिलाव झाला. त्यात ‘चार आचार्यांची बखर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या, सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन बंधूंनी संकलित केलेल्या आयर्लंडच्या इतिहासाच्या उत्तरार्धाची मूळ हस्तलिखित प्रत होती. तिचे मोल लिलावातील फारच थोड्यांना कळले. पेट्रीने ती घेतली आणि घेतल्या किमतीलाच अकॅडमीच्या स्वाधीन केली. पुढच्या वर्षी ‘डब्लिन पेनी जर्नल’ हे एक पेनी किमतीचे सचित्र साप्ताहिक निघाले, त्यात तो सामान्य वाचकांसाठी जुन्या क्रुसांविषयी, किल्ल्यांविषयी लिहू लागला. चित्रे मात्र आता कमी होऊ लागली होती.

आणि मग मनोऱ्यांचा वाद पेटला. १८३० साली अकॅडमीने या मनोऱ्यांच्या उगमावर निबंधस्पर्धा जाहीर केली. बक्षीस सुवर्णपदक आणि पन्नास पौंड. १८३३ मध्ये ते पेट्रीला मिळाले. प्रतिस्पर्धी हेन्री ओब्रायन याची वीस पौंडांवर समजूत घालण्यात आली, परंतु त्याची समजूत पटली नाही. प्रारंभी ज्या ग्रंथाचा उल्लेख केला तो याच ओब्रायनचा. इराणातून आलेल्या एका प्राचीन जमातीने हे मनोरे उभारले, असे त्याचे म्हणणे होते. बिचारा १८३५ साली ऐन तारुण्यातच वारला.

पेट्रीचे प्रमाण कसे होते ते पाहा. ओब्रायन आणि त्याच्या आधीचे व्हॅलन्सीसारखे विद्वान शब्दांच्या ध्वनिसाम्यावर इमारत रचीत; आयरिश भाषेतील एखादा शब्द पूर्वेकडील एखाद्या शब्दासारखा ऐकू आला की पुरावा झाला! पेट्री दगडाकडे गेला. मनोरा कोठे उभा आहे? जेथे जेथे मनोरा तेथे तेथे प्राचीन चर्च किंवा मठ होता, असे त्याने दाखविले. दार कोणीकडे? पुष्कळदा चर्चच्या दाराकडे तोंड करून. बांधणी कशाची? चुन्याची, शेजारच्या देवळासारखीच. दारावर काय आहे? अँट्रिमच्या मनोऱ्याच्या दारावर क्रूस कोरलेला आहे, आणि मीथ परगण्यातील डोनामोरच्या दारावर तर क्रुसावरील ख्रिस्ताची आकृतीच आहे. बुद्धाचे वा अग्नीचे उपासक आपल्या मंदिराच्या उंबरठ्यावर क्रुसावरचा ख्रिस्त कशाला कोरतील?

वरच्या मजल्यावरील खिडक्या बहुधा चार, चार दिशांना. त्या कशासाठी हे जुनी आयरिश भाषाच सांगत होती. तिच्यात या मनोऱ्याला ‘क्लॉगत्याख’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ घंटाघर. खेड्यातील आयरिश बोलणारे लोक तोच शब्द वापरीत होते, पण त्यांना विचारण्याचे विद्वानांना सुचले नाही! बखरीतही तोच शब्द सापडला. इ. स. ९५० मध्ये परकीयांनी स्लेन येथील घंटाघर जाळले, त्यात संताचा दंड, उत्तम घंटा आणि आश्रयाला आत गेलेली माणसे मठाच्या अध्यापकासह भस्मसात झाली, अशी नोंद आहे. या एका नोंदीत मनोऱ्याची दोन्ही कामे दिसतात. एरवी घंटा वाजविण्याची जागा. चाचे आले की मौल्यवान वस्तू आणि माणसे आत घेऊन शिडी वर ओढून घेण्याची जागा. दार इतके उंचावर का, याचा उलगडा पेट्रीने असा केला. क्लॉनमॅकनॉइजचा मोठा मनोरा ११२४ मध्ये पुरा झाला आणि ११३५ मध्ये वीज पडून त्याचा माथा कोसळला, हेही बखरींतून कळते. पेट्रीच्या चित्रांत तो मनोरा बिनटोपीचा आहे. आजही तो तसाच आहे.

निबंधाला बक्षीस मिळाले १८३३ मध्ये, आणि ग्रंथ छापून निघाला १८४५ मध्ये! बारा वर्षे तो नवे मनोरे, नवी देवळे पाहत आणि मजकूर वाढवीत राहिला. विरोधक म्हणू लागले की याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाहीच. अखेर जो ग्रंथ आला तो केवळ मनोऱ्यांचा राहिला नाही. नॉर्मन लोक येण्यापूर्वीच्या आयर्लंडमधील साऱ्या ख्रिस्ती वास्तुकलेचा तो पहिला पद्धतशीर अभ्यास ठरला. काही मनोऱ्यांचा काळ त्याने फार मागे, पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत नेला होता. आज तो सामान्यतः दहाव्या ते बाराव्या शतकांच्या आसपास मानतात. मुख्य निष्कर्ष मात्र अबाधित राहिला आहे.

ग्रंथाला झालेल्या उशिराचे दुसरेही एक कारण होते. १८२४ मध्ये आयर्लंडची सविस्तर मोजणी सुरू झाली होती. एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे करावयाचे होते. येथे थोडे विषयांतर करतो. या मोजणीचा प्रमुख कोल्बी याने उष्णतेने लांबी न बदलणारे मोजदांडे तयार करविले होते. त्याच धर्तीचे दांडे एव्हरेस्टने १८३० साली हिंदुस्थानात आणले, आणि माळव्यातील सिरोंज व निजामाच्या राज्यातील बिदर येथील आधाररेषा त्यांनीच मोजल्या गेल्या. तेव्हा इंदूरच्या आणि हैदराबादच्या श्रोत्यांना हा विषय अगदीच परका नाही.

तर नकाशावर साठ हजारांहून अधिक लहान-मोठ्या गावशिवारांची नावे लिहावयाची होती, आणि ती नावे आयरिश भाषेतील, शेकडो वर्षे इंग्रजी कारकुनांच्या हातून मोडतोड झालेली. त्यांचे मूळ शोधण्यासाठी जो विभाग काढला त्याचा प्रमुख म्हणून पेट्रीची नेमणूक झाली. त्याच्या हाताखाली जॉन ओडोनोव्हन आणि यूजीन ओकरी हे आयरिश भाषेचे दोन थोर पंडित, आणि जेम्स क्लॅरन्स मँगनसारखा कवी कारकून म्हणून. कचेरी भरे ती डब्लिनच्या ग्रेट चार्ल्स स्ट्रीटवरील पेट्रीच्या राहत्या घरी. ओडोनोव्हन पावसापाण्यातून खेडोपाडी फिरे, वृद्धांना गावाचे नाव उच्चारावयास लावी आणि रोज पत्रे लिहून पाठवी. पेट्री आणि ओकरी ती हस्तलिखितांशी ताडून पाहत. बहुतेक मंडळी कॅथलिक, प्रमुख प्रॉटेस्टंट, आणि पगार इंग्रज सरकारचा! अशी शाळा आयर्लंडात पूर्वी भरली नव्हती.

प्रत्येक गावाचा इतिहास नकाशाबरोबर छापावयाचा बेत होता. १८३७ मध्ये डेरीजवळच्या टेम्पलमोर या एकाच परगणविभागाचा भला मोठा खंड निघाला. खर्च पाहून सरकार दचकले. आणि जुन्या जमिनी कोणाच्या होत्या याच्या आठवणी जाग्या करणारे हे लेखन बरे नव्हे, असेही काही वजनदार लोकांना वाटले. १८४२ साली विभाग मोडण्यात आला. पुढे चौकशी समिती बसली, तिने काम चालू ठेवावे अशी शिफारस केली, तरी ते पुन्हा सुरू झाले नाही. पेट्री बावन्न वर्षांचा होता. मधली वर्षे ज्या हाताने चित्रे काढावयाची तो हात टिपणे लिहिण्यात गुंतला होता.

तीनच वर्षांनी आयर्लंडवर जे संकट कोसळले त्यापुढे या तक्रारी क्षुल्लक होत्या. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि गरिबांचे अन्नच नाहीसे झाले. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाख ५२ हजार झाली. दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि तापाने मेली. तेवढीच जहाजांतून परदेशी गेली. सर्वांत अधिक झळ लागली ती पश्चिमेकडील आयरिश बोलणाऱ्या खेड्यांना, म्हणजे पेट्रीच्या चित्रांतील माणसांनाच.

पेट्री लहानपणापासून व्हायोलिन वाजवी आणि चित्रे काढीत फिरताना वहीच्या कोपऱ्यात लोकगीतांच्या चालीही टिपून ठेवी. त्यांतील काही त्याने टॉमस मूर या कवीच्या गीतांसाठी दिल्या होत्या. दुष्काळानंतर मात्र त्याच्या ध्यानात आले की नांगर धरताना, गाय दोहताना ऐकू येणारे गाणे खेड्यांतून लोपले आहे. जी माणसे गात होती ती उरली नाहीत, आणि जी उरली त्यांना गावेसे वाटत नाही. मग वयाच्या साठीत त्याने त्या साऱ्या वह्या बाहेर काढल्या. १८५५ मध्ये ‘आयर्लंडचे प्राचीन संगीत’ या नावाचा खंड निघाला. त्यात १४७ चाली आहेत आणि प्रत्येकीसोबत ती कोणाकडून, कोठे मिळाली याची टीप आहे. त्यातच लिमाव्हाडी गावच्या कुमारी जेन रॉस यांनी पाठविलेली एक बिननावाची चाल आहे. पुढे ती ‘लंडनडेरी एअर’ म्हणून जगभर गेली आणि १९१३ पासून ‘डॅनी बॉय’ या गीताच्या रूपाने आपल्याकडच्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्याही हाती आली.

१८५७ च्या सप्टेंबरात सदुसष्ट वर्षांचा पेट्री विद्वानांच्या एका सहलीबरोबर पुन्हा ॲरन बेटांवर गेला. छत्तीस वर्षांपूर्वी तो तेथे प्रथम आला होता. दिवसा मंडळी डून एंगसच्या भिंतीवर भाषणे करीत. रात्री पेट्री ओकरीला घेऊन एखाद्या झोपडीत जाई. त्याचा स्नेही आणि चरित्रकार डॉक्टर विल्यम स्टोक्स याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. जळत्या मातीच्या ढेकळांच्या शेकोटीशी गाणारा बसे; ओकरी शब्द लिहून घेई; पेट्री चाल टिपी, पुन्हा गावयास लावी, दुरुस्त करी. मग व्हायोलिन काढून ती चाल तो गाणाराला वाजवून दाखवी. भोवती कोंदाटलेले गावकरी आपलेच गाणे त्या वाद्यातून ऐकून आनंदित होत.

त्याच वर्षी तो चित्रकारांच्या अकॅडमीचा अध्यक्ष झाला. संस्थेतील भांडणांना कंटाळून १८५९ मध्ये त्याने ते पद सोडले. कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेल याचे डब्लिनच्या ग्लासनेव्हिन स्मशानभूमीत स्मारक करावयाचे ठरले, तेव्हा त्याचा आराखडा करण्याची विनंती साहजिकच पेट्रीला झाली. त्याने जुन्या मठातल्याप्रमाणे एक लहान देऊळ, एक उंच क्रूस आणि एक गोल मनोरा अशी जुळणी योजिली होती. समितीने फक्त मनोराच बांधला, आणि तोही पेट्रीच्या कल्पनेहून पुष्कळ उंच! प्रमाणाविषयी इतका काटेकोर असलेल्या म्हाताऱ्याला तो आवडला नाही यात नवल नाही. ओकॉनेलच्या अस्थी १८६९ मध्ये तेथे हलविण्यात आल्या. ते पाहण्यास पेट्री नव्हता. १७ जानेवारी १८६६ रोजी तो डब्लिनमध्ये वारला होता.

त्याच्या मृत्यूनंतर उरलेल्या वह्या इतरांनी हाती घेतल्या. संगीतकार स्टॅनफर्ड याने १९०२ ते १९०५ या काळात त्यांतील दीड हजारांहून अधिक चाली प्रसिद्ध केल्या. आणि डॉक्टर स्टोक्सची कन्या मार्गारेट स्टोक्स हिने थडग्यांच्या शिलांची ती जुनी रेखाटने जुळवून, वाचून, १८७२ ते १८७८ मध्ये दोन खंडांत छापली. क्लॉनमॅकनॉइजच्या गवतातील काही शिला तोपर्यंत फुटल्या होत्या, काही नाहीशा झाल्या होत्या; त्यांची अक्षरे आता पेट्रीच्या पेन्सिलीतच आहेत. बहुतेकांचा आरंभ एकच आहे : ‘ओर दो’, म्हणजे ‘प्रार्थना करा अमुक याच्यासाठी’. पुढे फक्त नाव. राजांची नावे थोडी, भिक्षूंची पुष्कळ. एकीवर नावापुढे धंदाही लिहिलेला आहे : प्रार्थना करा तुआथल कारागिरासाठी.